झाकणाच्या आतली तारीख

दिवा बारीक करा रे, आणि मध्ये कुणी खिदळायचं नाही. ही आमच्या घड्याळजीच्या धाकट्याची गोष्ट. माझं दुकान त्यांच्या समोरच, म्हणून मला ठाऊक.

धाकटा परदेशातून शिकून आला, त्याला नऊ दिवस झाले होते. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. मनगटावरचं घड्याळ अजून तिकडच्याच वेळेवर, साडेपाच तास मागे. ते बापाने निघताना दिलेलं. हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात बाप सुईने तारीख कोरायचा, तशी यातही होती. पण पोरगा ते इथल्या वेळेला लावायला तयार नव्हता. कारण? बाप जाऊन आठ महिने झाले होते, आणि ते त्याला कळलं घराच्या उंबऱ्यावर! म्हणे, परीक्षा बिघडेल. फोनवर कधी "बाबा झोपलेत", कधी "घसा बसलाय". मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. तो नुसता धुमसत होता.

गुरुवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी थोरल्या दादाने दुकानाची किल्ली पुढे केली.

"गल्लीतल्या डॉक्टरीणबाई पहाटे गावाला निघतायत. त्यांचं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ दुकानात राहिलंय. तू जागाच आहेस, आणतोस?"

"आणतो. हुकूम ऐकायलाच बोलावलंयत ना मला?"

"अरे, बाबांनीच शपथ घातली होती... तुला कळवू नकोस म्हणून."

तो तरातरा निघाला. शटर वर केलं, थेट मागच्या टेबलापाशी गेला. बापाचं स्टूल, भिंग, सगळं तसंच. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर आपटलं.

"घ्या तुमचं घड्याळ! माझ्यापासून का लपवलंत?"

भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती.

मग थांबली.

सगळी.

स्टूल करकरलं... कुणी बसल्यावर करकरतं तसं.

"बाबा?..."

...

टेबलाचा सुयांचा लहान खण सरकला.

तो पळाला. शटर ओढलं. कुलूप घातलं. रात्रभर किल्ली मुठीत.

पहाटे दोघे भाऊ डॉक्टरीणबाईंचं घड्याळ आणायला गेले. मीही गेलो. त्याचं घड्याळ टेबलावर चालू होतं, इथल्या वेळेला बिनचूक. दादाने झाकण उघडलं, आणि त्याला हुंदका फुटला. धाकटा मात्र लालबुंद.

"हे जमलं त्यांना! जिवंतपणी एक फोन नाही जमला?"

झाकणात दोन तारखा होत्या. एक तो निघाला त्या दिवसाची. तिच्याखाली, ताजी कोरलेली... त्या गुरुवारची.