तिसऱ्या दालनातला पाहुणा

आमच्या घरी सकाळचा चहा आणि सेमीकंडक्टरच्या शेअरवरची भांडणं एकदमच सुरू होत. दादा एका हातात कप आणि दुसऱ्या हातात फोन धरून बसायचा आणि गुंतवणूकदारांच्या मंचावर कोणी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचा. मंदी होती. लोकांनी नवे फोन आणि कॉम्प्युटर घेणं थांबवलं होतं, गोदामं चिप्सनी भरली होती, आणि आमच्या कंपनीचा शेअर वर्षभर जिना उतरत होता. दादाने तो जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर घेतला होता. त्याची धाकटी बहीण, म्हणजे मी, त्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागली होती आणि घरी येऊन फार अभिमानाने बोलायची, एवढंच त्याचं कारण. त्यामुळे वाचता वाचता तो अधूनमधून माझ्याकडे बघायचा, आणि वहिनी त्याला म्हणायची, की तिने चिप्स बनवल्यात, तुझं नशीब नाही.

मंचावरची माणसं टोपणनावाने लिहीत. 'तेजीभाऊ' नावाचा एक जण दर आठवड्याला तळ आला म्हणून जाहीर करायचा. त्याला 'बुडीतखाते' उत्तर द्यायचा, की भाऊ, या तळाला तळघर आहे आणि तळघरात विहीर आहे. कोणी लिहायचं, वेफर यांचे, चिप्स यांच्या, आणि आपलं ताट रिकामं. मग शिव्या, मग शिव्यांना शिव्या.

या गलक्यात 'पाहुणा' नावाने कोणीतरी लिहायचं. क्वचित लिहायचं, आणि विका किंवा घ्या असं कधीच म्हणायचं नाही. दादाने त्याचं वाचून दाखवलेलं पहिलं लिखाण मला अजून पाठ आहे. 'तिसरं दालन बंद केलंय, यंत्रांवर प्लास्टिक घातलंय, पण वारा चालू ठेवलाय. छतापासून जमिनीपर्यंत सरळ, कुठेही न वळता. रिकाम्या खोलीतही जे लोक वारा थांबवत नाहीत ते परत येणार असतात.'

"भारी लिहितो ना?" दादा म्हणाला.

भारी होतंच. चिप बनते त्या दालनात हवा सतत वरून खाली वाहती ठेवावी लागते, म्हणजे धूळ कुठेही रेंगाळत नाही. ही गोष्ट मी कॉलेजात चार पानांत लिहिली होती आणि ती चार पानं या तीन वाक्यांपुढे कचरा होती. चहा संपेपर्यंत मी त्या कौतुकातच होते. बूट घालताना मात्र लक्षात आलं, की तिसरं दालन बंद केल्याचं कंपनीने बाहेर कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

साहेबांनी मला त्याच दिवशी बोलावलं. साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख. आवाज चढवणारा माणूस नव्हे. त्यांच्या टेबलावर पाहुण्याच्या लिखाणाच्या छापील प्रती होत्या आणि काही वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा होत्या. तिसरं दालन बंद झाल्यापासून त्याच्या दाराचं कार्ड फक्त माझ्याकडे होतं. आत जाऊन हवा तपासायचं काम माझं होतं. शिवाय झटक्याने हलून तो सरळ वारा बिघडवू नये म्हणून नव्या लोकांना मी जे शिकवायचे, वाऱ्याला वळण देऊ नका, हवा मोडू नका, तेच शब्द त्या प्रतींमध्ये होते.

"मला तुझ्यावर संशय घ्यायचा नाहीये," ते म्हणाले. "पण मग घेऊ कोणावर? तूच सांग."

 वरून दबाव होता. खबर फोडणारा सापडला नाही तर कार्ड ज्याच्याकडे तो जाणार, हे त्यांनी लपवलं नाही. त्या मंदीत एकदा बाहेर पडलेल्या इंजिनीअरला दुसरा कारखाना दारात उभं करत नव्हता. मी या आठवड्यात काहीतरी शोधून आणते, असं म्हटलं आणि उठले.

पाहुण्याचं सगळं लिखाण मी बसून वाचलं. घाबरून वाचायला घेतलं आणि वाचत गेले ती हरखून. त्याने लिहिलं होतं, की तिसऱ्या दालनातल्या दुसऱ्या भट्टीच्या पाठीमागच्या पत्र्यावर एक ओरखडा आहे, बसवताना पडलेला, चंद्रकोरीसारखा, आणि ज्याने पाडला त्याने तो अंगठ्याने पुसून बघितला होता. ती भट्टी आणि भिंत यांच्यामध्ये माझा हात जेमतेम जातो. दुसऱ्या दिवशी मी आत गेले, आरसा लावलेली काठी त्या फटीत सरकवली आणि बॅटरी धरली. ओरखडा होता. त्याच्या एका टोकाला अंगठ्याचा पुसट ठसाही होता.

माझी पहिली भावना भीतीची नव्हती. मी वर्षभर त्या भट्टीसमोर उभी राहत होते आणि मला ती इतकी दिसली नव्हती, याची लाज आणि असूया होती.

तिथे भिंतीवर हवेतले कण मोजणारं यंत्र आहे. माणूस म्हणजे धुळीचा कारखाना असतो. नुसता उभा राहिला तरी मिनिटाला लाखभर कण सोडतो. म्हणून आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये जातो, फक्त डोळे उघडे. तरीही कोणी आत आलं, की यंत्रावरचा आकडा थोडा हलतोच. मी हलले की तो हलायचा. मी थांबले की शून्यावर यायचा. त्या खोलीत माझ्याखेरीज दुसरं कोणी असतं तर यंत्राने सांगितलं असतं. ते सांगत नव्हतं.

त्या दिवशी दादाने जेवताना वाचलं, "आज पाहुणा कुणा बाईबद्दल लिहितोय. 'ती आत येते तेव्हा आकडा हलतो. पण आता दारातून पटकन वळत नाही, हात अंगाजवळ ठेवते. चांगली आहे. शिकते आहे.'" मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "कोण गं ही? तुमच्याकडची?"

मी मीठ मागितलं.

आठवडा संपत आला तेव्हा मी साहेबांना एक प्रयोग सुचवला. तिसऱ्या दालनाचं दार त्यांनी स्वतः बंद करावं, फटीवर स्वतः चिकटपट्टी लावून सही करावी, माझं कार्ड आणि फोन त्यांच्या टेबलावर ठेवावा, आणि आम्ही दोघांनी समोरासमोर बसून वाट बघावी. मी त्यांच्यासमोर असताना पाहुण्याने आतलं काही लिहिलं, तर तो मी नाही. साहेबांना प्रयोग आवडला. ते स्वतः कधीकाळी प्रयोगशाळेतलेच.

दुपारची वेळ होती. बाहेर कॅन्टीनमध्ये ताटल्या वाजत होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर तिसऱ्या दालनाच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं, पिवळ्या उजेडात प्लास्टिकखाली झाकलेली यंत्रं, आणि कोपऱ्यात कणांचा आकडा, शून्य. साहेबांच्या फोनवर मंच उघडा होता. तेजीभाऊ पुन्हा तळ सापडल्याचं सांगत होता. साहेब हसले आणि म्हणाले, की याला एकदा नोकरीवर घ्यायला हवं, इतकी चिकाटी आमच्या विक्री विभागातही नाही.

मग पाहुण्याचं आलं.

'दुसऱ्या भट्टीवरचं प्लास्टिक एका कोपऱ्याला सुटलंय. लोंबतंय. बरं दिसत नाही. नीट करायला हवं.'

आम्ही पडद्याकडे पाहिलं. कोपरा खरंच लोंबत होता.

"कॅमेरा," साहेब म्हणाले. "कोणीतरी बाहेर बसून आपला कॅमेरा बघतंय. बस, एवढंच." त्यांच्या आवाजात सुटका होती. मलाही तेच पटलं आणि मलाही हायसं वाटलं. कार्ड माझं होतं, पण कॅमेऱ्याच्या तारेशी माझा संबंध नव्हता. मी वाचले होते. त्यांनी माझं कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

मी ते उचलत नव्हते. मी पडद्याकडे बघत होते. साहेब माझ्या नजरेच्या रोखाने वळले.

कोपरा नीट झाला होता. नुसता वर गेला नव्हता, आत दुमडून खोचलेला होता, अंथरुणाची चादर खोचतात तसा. आम्ही दोघांनीही क्षणभरच मान वळवली होती.

आकडा शून्यच होता.

 साहेबांनी हात लांब करून पडदा बंद केला.

"तुझं काम झालं," ते म्हणाले. "तू नाहीस हे मी वर कळवतो. बाकीचं मला बघायचं नाही. आजच त्या दालनाचा वारा बंद कर. वीजही वाचेल."

मी त्यांना म्हटलं, की सर, वारा थांबला तर धूळ बसेल, ते दालन परत उभं करायला महिने लागतील. खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. इतक्या निगुतीने खोचलेला कोपरा मी आजवर कोणाच्या हातून पाहिला नव्हता.

"बंद कर," ते म्हणाले.

मी केला. पंखे एकामागून एक थांबले. काचेतून बघत उभी राहिले तेव्हा आत काहीच बदललेलं दिसत नव्हतं. मी काचेला हात लावला आणि का कोण जाणे, माफ करा म्हणाले.

त्या दिवशी पाहुण्याने दोनच ओळी लिहिल्या. 'जागा बदलली. पहिल्या दालनात आलोय. इथे माणसं आहेत. शिकतील.'

पहिलं दालन म्हणजे आमचं चालू दालन. तिथे पाळीला आम्ही सात-आठ जण असायचो. सूटमध्ये तोंडं दिसत नाहीत, म्हणून एकमेकांना चालण्यावरून ओळखायचं. एका ऑपरेटरला सगळे 'वादळ' म्हणत. तो आला, की यंत्रावरचा आकडा दार उघडायच्या आत उडतो, अशी त्याची थट्टा व्हायची, आणि तोही ती थट्टा मिरवायचा.

पहिल्यांदा बदल आकड्यात दिसला. तो हळूहळू उतरत गेला. गाळण्या बदललेल्या नव्हत्या, सूट तेच होते. वाया जाणाऱ्या चिप्स कमी झाल्या. मग आणखी कमी झाल्या. एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमच्या चिप्स तपासून पाहिल्या आणि दुसरीकडची मागणी काढून आम्हाला दिली. साहेबांनी दालनाबाहेर उभं राहून सगळ्यांचं कौतुक केलं. आत मात्र ते आले नाहीत.

आणि खरंच बघण्यासारखं होतं ते. मी एकदा काचेबाहेर थांबून पाहिलं. पांढरे सूट यंत्रांमधून जात होते, कोणाचा धक्का नाही, घाई नाही, वेफरची, म्हणजे चिप्स ज्यांवर घडतात त्या चकत्यांची पेटी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना थांबल्यासारखीही वाटत नव्हती. पाण्याखाली मासे वळतात तसे सगळे वळत होते. मी वादळला शोधत होते, कारण त्याला निरोप द्यायचा होता. चालण्यावरून मला तो सापडला नाही. शेवटी सुटी झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत गाठला. मी थट्टेने म्हटलं, काय वादळा, आज वारा पडला वाटतं. त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"हवा मोडत होतो मी आधी," तो म्हणाला. "किती वाईट सवय."

मंचावर वातावरण पालटलं. तेजीभाऊ आता ज्ञानी झाला होता. बुडीतखातेने नाव बदललं नाही, पण शिव्या थांबवल्या. शेअर जिना चढायला लागला आणि दादा सकाळी वाचताना माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला. माझी बढतीही झाली. पहिलं दालन आता माझ्याकडे होतं. पाहुणा मात्र लिहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या वाक्यांची आठवण यायची.

सुटीच्या दिवशी सकाळी वहिनी खिडकीपाशी चादरी झटकत होती. ऊन तिरपं आत आलं होतं आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ उडून सावकाश तरंगत होती. दादा टेबलाशी फोन घेऊन बसला होता.

"अरे, आला तुझा पाहुणा," तो म्हणाला. "लिहितोय, 'आता हिला शिकवण्यासारखं काही राहिलं नाही.' म्हणजे काय समजायचं? विकायचे की ठेवायचे?"

मला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. मी पलंगावरून उठले, खोली ओलांडून दादाकडे गेले आणि त्याच्या खांद्यावरून वाकले.

चादर झटकल्याचा आवाज थांबला होता. मी वर पाहिलं. वहिनीचे हात चादरीसकट तसेच हवेत राहिले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी ज्या उन्हाच्या पट्ट्यातून चालत आले होते, त्याच्याकडे बघत होती.

मीही वळून पाहिलं. धूळ होती तशीच तरंगत होती. मी जिथून चालत आले तिथला एकही कण माझ्यामुळे जागचा हलला नव्हता.

फार सुरेख दिसत होतं ते.