फाइल पुरी होऊ देईना

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागली, तेव्हा सीट धरायला माझ्याकडं रुमालही नव्हता. म्हणून हातातला कागदांचा गठ्ठाच खिडकीतून आत टाकला. गर्दीतून रेटारेटी करत सीटपाशी पोचले, तर शेजारच्या तरुणानं सुतळी सोडून सगळी पानं मांडीवर पसरलेली!

“अहो, माझी पानं हायेत ती!”

“तुमची सीटपण राखलीय. बसा की.” तो गालात हसला. “कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या प्रिंटा न्हाय का? सगळ्या उलटसुलट होत्या. एरर नंबरानं लावून देतोय.”

रडावं की ओरडावं, मला कळेना. आमच्या इंदापूरच्या डेअरीत कॉम्प्युटर अडला, की मी पडद्याची प्रिंट काढायची आणि तो कशानं सुटला ते खाली पेननं लिहायची. साहेबांना त्याची फाइल हवी होती. मी रजेवर असले, तरी कुणालाही पान उघडून काम करता यावं म्हणून. दूधमापं, पगार, पशुखाद्य असं कामाप्रमाणं सगळं लावलं होतं... आणि या महाशयांनी त्याची वाट लावली!

“नंबर कुणाला कळतोय? डेअरीतल्या आमच्या बानूबाईंना पगार अडकला, एवढंच कळतं!”

“पण नंबर कधी चुकत न्हाय.”

“तुमी चुकता ना!”

लासुर्ण्यापर्यंत भांडलो. पुढं रुसून खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. डेअरीच्या फाटकाशी तोही माझ्या मागोमाग आला, तेव्हा कळलं, कॉम्प्युटरच्या कंपनीनं दुरुस्तीला पाठवलेला नवा इंजिनिअर हाच. समाधान. नाव काय आणि माणूस काय!

“रश्मी, फाइल दोघं मिळून पुरी करा,” साहेब म्हणाले. “एकदा झाली, की कंपनीचा माणूस बोलवायला नको.”

मी मनापासून खूश झाले. पण दर शनिवारी तो यायचा आणि झालेलं काम उसकटायचा. कधी पंचची भोकं वाकडी, कधी भागांमधली पिवळी कार्डं नकोत, निळी हवीत. वर माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी अर्धी संपवायची. प्रिंटच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडून त्यातली एक माझ्या मनगटाला गुंडाळायची. “हलू नका, गाठ सुटंल,” म्हणायचं. मी चिडायचे. पट्टी मात्र संध्याकाळपर्यंत तशीच राहायची.

एका शनिवारी फाइल खरंच पुरी झाली. बाहेर पावसाची भुरभुर होती. मी चहा घेऊन आले, तर हा पगाराची पानं काढून पशुखाद्यात घालत होता. हळूच, चोरासारखा!

कप आदळून मी म्हणाले, “तुमाला ही फाइल पुरी करायचीच न्हाय!”

“न्हाय.”

“काय?”

“पुरी झाली, की मला हितं कोण बोलावणार?” मान खाली घालून तो पानांच्या कडा जुळवत राहिला. “मग तुमी... म्हंजे, मी... कुठल्या कारणानं यायचं?”

ऐकायला गोड वाटलं. पण राग? तो दुप्पट झाला. एवढे शनिवार माझ्या कामाचा चुथडा, तो एक वाक्य बोलायला धीर नाही म्हणून!

“अहो, मग तोंडानं विचारायचं! माझी पानं कशाला हलवायची?”

“विचारलं तर... व्हय म्हणाल?”

“आधी पगार जागेवर लावा. कामाप्रमाणं.”

तो निमूट लावत गेला. पहिल्यांदाच एकही पान चुकलं नाही. शेवटचं पान हातात घेऊन तो थांबला, माझ्याकडं बघत. मला तो आवडत होता. त्या क्षणी तर इतका, की फाइल पुरी होऊ नये म्हणून ते पान हिसकावून घ्यावंसं वाटलं.

“लावा तेपण,” मी म्हणाले. “आणि उद्या रविवार हाय. घरी या.”

“घरी? तुमच्या बाबांनी विचारलं, काय काम काढलंत, तर?”

“काम न्हाय म्हणायचं. रश्मीसाठी आलो म्हणायचं.”

त्यानं पान लावलं आणि फाइलचा खटका एकदाचा बंद केला.