साकनालच्या चौकातली माणसं

ग्वातेमालाच्या जंगलाकडेच्या प्रयोगशाळेत जलस्मृती-मापकाच्या पडद्यावर आकडे उमटले, तशी डॉ. हेमांगी केळुसकरांनी यंत्र पुन्हा चालवून पाहिलं. आकडे तेच.

"कातारीना, इकडे ये. बसून बघ."

कातारीना शोल ही पुरातत्त्वज्ञ होती, जवळच्याच चुनल या माया गावची. जंगलातल्या साकनाल या प्राचीन माया नगरीचा चौक तिनेच खणला होता. तिथे सांगाडे रांगेने पुरलेले होते. पाऊस थांबला, तलाव आटले आणि शेवटचे रहिवासी तिथेच तहानेने मेले, असं सगळे मानत. साकनालला वारस उरले नाहीत, म्हणून विकास मंडळ तिथे पर्यटननगरी उभारणार होतं. त्या जागेवरचा चुनलकरांचा दावा न्यायालयात अडकला होता.

"दाताचं कवच लहानपणी बनतं, मग बदलत नाही," हेमांगी म्हणाली. "लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण त्यात कायम राहते. हाड मात्र आयुष्यभर झिजतं आणि भरतं. त्याच्या ताज्या थरात अखेरच्या काळातलं पाणी सापडतं. या माणसांचे दात साकनालचे आहेत. हाडं तुझ्या चुनलच्या झऱ्याची."

कातारीनाने पडदा जवळ ओढला. "म्हणजे ते वेळीच निघाले. आमच्याकडे राहिले, म्हातारे झाले..."

"आणि मेल्यावर कुणीतरी त्यांना इतक्या लांब परत नेलं."

न्यायालयात मंडळाचे वकील एस्कोबेदो हसले. "उत्तम! म्हणजे ते स्वखुशीने निघून गेले. त्यांना पुरणारी पिढीही कधीच संपली. सोडून दिलेल्या जागेवर आज हक्क कसला?"

कातारीनाचा चेहरा उतरला. तिचाच पुरावा तिच्यावर उलटला होता. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि दोघींनी उरलेले सगळे सांगाडे तपासायला घेतले. पुढच्या रांगांत दात आणि हाड दोन्ही चुनलचीच निघाली. साकनालचं पाणी कधीच न प्यायलेली माणसंही तिथेच पुरली जात होती. कडेच्या शेवटच्या सांगाड्यापाशी हेमांगी थबकली.

"दात झऱ्याच्या पाण्याचे. पण हाडाच्या ताज्या थरात शुद्धीकरणाची रसायनं आहेत. कातारीना, हा माणूस नळाचं पाणी प्यायलाय."

चुनलमध्ये नळ आला, तेव्हा कातारीना शाळेत होती.

ती तडक आईकडे गेली. म्हातारी मका सोलत होती. प्रश्न ऐकून तिचे हात थांबले.

"कडेचे, शेवटचे ना? तुझे वडील आहेत ते."

"ते तर सरोवरात बुडाले. प्रेत सापडलं नाही म्हणालीस!"

"जंगलात प्रेत नेणं गुन्हा होता, पोरी. तू लहान होतीस, कुठेतरी बोलून गेली असतीस. आपले सगळेच जातात तिथे. न्यायला माणसं मिळाली की रात्री गुपचूप नेतो."

"मी त्यांना माझ्या हातांनी उकरलंय, आई. तू मला अडवलं का नाहीस?"

"अडवायचं तर सांगावं लागलं असतं. आणि तू सरकारची माणूस झाली होतीस."

कातारीना तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि खूप रडली.

पुढच्या सुनावणीत एस्कोबेदोंनी विचारलं, "त्या चौकात पुरलेल्या एकाला तरी आज कुणी ओळखतं का?"

"मी ओळखते," कातारीना उभी राहून म्हणाली. "ते माझे वडील आहेत."

निकाल चुनलच्या बाजूने लागला. कातारीनाने प्रयोगशाळेच्या कपाटातून ती हाडं काढली, धुतली आणि पांढऱ्या कापडात बांधली. मग ते गाठोडं खांद्यावर घेऊन ती आईबरोबर जंगलाच्या वाटेला लागली. अख्खा गाव मागोमाग चालत होता, भर दुपारी, मोठमोठ्याने गात.