मागच्या सीटवरची थाप

इसरू कुमरे गाडी शिकला तो काही हौसेनं नाही, नोकरीपायी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांमध्ये हापशा दुरुस्त करत फिरायचं त्याचं काम. वर्षानुवर्षं पाने, साखळी, चामड्याचे वायसर सायकलला बांधून तो रस्ते तुडवायचा. मग खात्यानं त्याच्या जोडीदाराला, श्रावणभाऊला, एक जुनी राजदूत मोटरसायकल दिली, आणि श्रावणभाऊनं ठरवलं की आपण रिटायर व्हायच्या आधी या पोराला गाडी आलीच पाहिजे.

शिकवायला श्रावणभाऊसारखा माणूस नव्हता, आणि शिव्या द्यायलाही. इसरू पुढं, ते मागं. "चाकाकडे काऊन पाह्यतं बे? चाक पळून जाऊन राह्यलं का? दूर पाह्य, दूर!" मुरमाच्या रस्त्यावर नुसता पुढचा ब्रेक दाबला की डोक्यात टपली बसायची.

राजदूतच्या फटफटीत बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून श्रावणभाऊनं थापांची बोली केली होती. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे सावकाश. उजव्या खांद्यावर म्हणजे हॉर्न वाजव. दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे थांब. आणि पुढं ट्रक असला, धुळीत काही दिसत नसलं, की ते मागून वाकून पाहायचे, आणि रस्ता मोकळा असला तर उजवा तळवा पाठीच्या मधोमध दाबायचे. म्हणजे जा. त्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. हापशीचा पाइप सुटून घसरला तेव्हा ती गेली होती. पण उरलेल्या पंजात जोर भारी.

"पन एक ध्यानात ठेव," असं ते दर वेळी सांगायचे. "म्या हात ठेवला तरी पयले तू पाह्य. मी मागं हाय. मरशील तं आधी तू मरशील."

असा माणूस, आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत भरदुपारी बांबूच्या ट्रकला ओलांडायला गेला आणि समोरून येणाऱ्या ट्रकखाली सापडला. एकटाच होता. कोणाचा विश्वास बसेना. वळणावर बैलगाडीलाही न ओलांडणारा श्रावणभाऊ धुळीत गाडी घालतोच कसा? लोक बोलले, हळहळले, आणि आपापल्या कामाला लागले. राजदूत सरळ करून, रंग मारून खात्यानं इसरूच्या हवाली केली.

पहिले काही दिवस इसरू दुसऱ्या गियरच्या वर जाईना. मग एका सकाळी, सागाच्या रांगांमधून जाताना, डाव्या खांद्यावर थाप पडली.

हलकीच. ओळखीची.

त्यानं गाडी हळू केली. पुढच्या वळणावर रानडुकरांचा अख्खा कळप रस्ता ओलांडत होता. इसरूनं मागं पाहिलं. सीट रिकामी होती. रस्ताभर वाळलेला पाला, आणि कुठंतरी होला घुमत होता. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्याला रडू आलं. "भाऊ..." एवढंच तो म्हणाला.

नंतर थापा येतच गेल्या. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, वाहून गेला होता, तिथं दोन्ही खांद्यांवर पडली आणि इसरू वाचला. गाडी काढायला गेलं की मागचे दोन्ही फुटरेस्ट खाली पडलेले असायचे. तो ते पायानं वर दुमडायचा आणि हसायचा. कोणाला सांगितलं नाही, रंभालाही नाही. बायको घाबरेल, आणि भाऊ रागावले तर?

आणि हळूहळू इसरू सुस्तावला. नव्या माणसाचं असंच होतं हो, जरा हात बसला की नजर भटकते. वळणावर हॉर्न देईना. आरशावर धूळ बसली ती पुसेना. एका हातानं बिडी ओढत तो गाडी हाकायचा. रस्ता पाहायला भाऊ होते ना.

पौष महिन्यात त्याच्या लेकीला, सुकरीला, ताप भरला. दोन वर्षांची पोर, सकाळपर्यंत रडत होती, दुपारी तिनं रडणंही सोडलं. गावातल्या नर्सबाईनं डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि बाईचा चेहराच उतरला. "इथी ठेवू नका. गडचिरोलीले न्या, दिवस हाय तवरच न्या. ताप डोक्यात गेला तं पोरगी हातची जाईल."

एसटी निघून गेली होती. रंभा पोरीला लुगड्यात गुंडाळून मागं बसली, दोन्ही पाय डावीकडं सोडून. इसरूनं किक मारली.

ऊन कलायला लागलं होतं. जंगलात सावल्या लवकर लांबतात आणि गारठा जमिनीतून वर येतो. निम्म्या वाटेवर पुढं एक बांबूचा ट्रक लागला. बांबूची टोकं मागं रस्त्यावर घासत होती, खर्र... खर्र... ओल्या बांबूचा, डिझेलचा वास, आणि तांबड्या धुळीचा असा लोट की पुढचं चाकही दिसेना. इसरू हॉर्न मारतच राहिला. ट्रकवाला काही बाजू देईना. लुगड्यातून बाहेर आलेला सुकरीचा पाय इसरूच्या कमरेला लागत होता, निखाऱ्यासारखा गरम.

आणि पाठीच्या मधोमध तळवा टेकला.

जा.

इसरूच्या छातीतलं ओझंच उतरलं. भाऊ आहेत! त्यानं गाडी उजवीकडं काढली, मूठ पिळली. बांबूंच्या बाजूला आला. समोर नुसती धूळ. तेवढ्यात कमरेशी तो तापलेला पाय हलला, आणि का कोण जाणे, त्याला ते जुनं वाक्य आठवलं. पयले तू पाह्य. त्यानं पाहिलं, खरंच डोळे ताणून पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं नव्हे.

त्यानं मूठ सोडली.

पाठीवरचा तळवा हलला नाही. उलट दाबू लागला. मग ढकलू लागला. इसरूची छाती टाकीवर टेकली, एवढा जोर. त्यानं दात आवळून दोन्ही ब्रेक हळूहळू धरले आणि गाडी डावीकडं, ट्रकच्या मागं ओढली. त्याच क्षणी धुळीतून, दिवे न लावलेला दुसरा ट्रक गर्जत आला आणि ते जिथं होते तिथूनच गेला. त्याच्या वाऱ्यानं रंभाचा पदर उडाला.

इसरूनं गाडी रस्त्याखाली घेतली, बंद केली. दोन्ही ट्रकचे आवाज दूर गेले. मग काहीच ऐकू येईना, पाखरूही नाही. रंभा उतरली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तू... पाठीवर हात ठेवला व्हता का?"

"म्या? एका हातात पोरगी, एका हातानं सीटची कडी. मले तिसरा हात हाय का?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. श्रावणभाऊंच्या थापा, रानडुकरं, रपटा, सगळं. ती ऐकत त्याच्या मागं गेली आणि तिथंच थबकली.

"अवो... सदरा काढा."

सदऱ्याची पाठ तांबड्या धुळीनं माखली होती. मधोमध पंजाएवढी जागा कोरी होती, पांढरीशुभ्र. धूळ बसत होती तोवर तिथं हात होताच, घरापासून; दाबला तेवढा आत्ता.

"भाऊचाच हात हाय," इसरू म्हणाला. "उजवा."

रंभा कुजबुजली. "पन अवो... याले तं पाचही बोटं हायेत."

इसरू पाहतच राहिला. अंगठा, चार बोटं, करंगळीसुद्धा स्पष्ट. इतके दिवस त्यानं त्या हाताला जीव लावला होता, आणि बोटं कधी मोजली नव्हती. रानडुकरांपासून वाचवलं, रपट्यावर वाचवलं ते... त्याचं स्वतः रस्ता पाहणं सुटेपर्यंतच. मग त्याला श्रावणभाऊची ती भरदुपार आठवली. त्या दिवशी भाऊला मागून कोणी जा म्हटलं होतं?

सुकरी कण्हली. तिचे डोळे वर जात होते.

"चला," रंभा म्हणाली. "काय व्हयल ते व्हयल. पोरगी जगली पायजे."

मागचा उजवा फुटरेस्ट खाली पडलेला होता. रंभाचे पाय तर डावीकडं. इसरूनं तो वर दुमडला, हत्यारांच्या पिशवीतली तार काढली, तीन-चार वेढे दिले आणि पकडीनं पिळून घट्ट केली. आरसा सदऱ्यानं पुसला. दिवा लावला. आता खांद्यावर थाप पडो, पाठीवर हात पडो, ऐकायचं नाही. आपल्या डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं.

गाडी निघाली, सावकाश. झाडांमधून उजेड ओसरत होता. थोडंच अंतर गेलं असेल, तर मागं उजव्या बाजूला तार तुटल्याचा आवाज आला.

टक्.

गाडी मागून किंचित दबली. रंभाचं तोंड त्याच्या कानाशी आलं. तिचा श्वास थरथरत होता.

"अवो... जरा पुढं सरका ना... मले मागं जागा नाई उरली..."

इसरू टाकीपर्यंत पुढं सरकला. रस्त्यावरची नजर त्यानं काढली नाही.