प्लास्टरचा फोटो

फिजिओथेरपीच्या कॉलेजात मुलाखतीला बोलावण्याआधी तिथली मंडळी मुलांची सोशल मीडियावरची खाती उघडून बघतात, असं क्लासच्या सरांनी सांगितलं, आणि भिंगरी तोंड पाडून घरी आली. तिच्या खात्यावर शाळेपासूनचा सगळा पसारा पडलेला होता.

"मग आवरू की," आत्या म्हणाली. "कपाट आवरतो तसं."

आत्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. भिंगरीचे आईवडील नोकरीपायी परगावी असत, त्यामुळे पोर लहानपणापासून आत्याकडेच वाढली. एका जागी म्हणून टिकायची नाही, तेव्हा हे नावही आत्यानंच ठेवलेलं.

रविवारी दुपारी दोघी पलंगावर फोन घेऊन बसल्या. केमिस्ट्रीच्या मास्तरांवर केलेली टवाळी आधी उडवली. मैत्रिणींनी भलत्याच फोटोंत टाकलेलं तिचं नाव काढलं. मग शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर नाचतानाचा व्हिडिओ आला. त्याच्या शेवटी भिंगरी शिंपीकाकांच्या कुंड्यांवर कोसळते आणि कॅमेरा खदखदा हसतो. हनुवटीला टाके पडले होते तेव्हा.

"हा जाऊ दे," आत्या हसत म्हणाली. "पेशंटला आधार देणारी स्वतःच पडतेय."

शेवटी प्लास्टरचा फोटो निघाला. हात गळ्यात बांधलेला, ओठांवर पेनानं काढलेल्या मिश्या आणि खाली भिंगरीनं लिहिलेलं, 'हात मोडला, परीक्षा टळली, मज्जा!'

"हे वाचून काय म्हणतील ते?" भिंगरीनं विचारलं.

आत्या क्षणभर घुटमळली. तो फोटो तिचा लाडका होता. पण पोरीच्या भल्यापुढे आपला लाड कुठे घेऊन बसायचं? "काढ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीची वेणी घालताना आत्यानं तिचा चेहरा आरशाकडे वळवला. हनुवटी गुळगुळीत होती. टाक्यांची खूण कुठेच दिसेना. आत्यानं अंगठा फिरवून पाहिला.

"खूण कुठे गेली गं?"

"कसली?"

"भिंतीवरून पडलीस त्याची."

"मी? कधी?" भिंगरी हसायलाच लागली. "आत्या, चष्म्याचा नंबर बघून घे."

शेजारचे शिंपीकाका त्यांच्या दारातच शिवणाच्या मशीनला तेल घालत होते. भिंगरी दिसली की 'आज कोणती भिंत?' असं विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली. आत्यानं कुंड्यांचा विषय काढला, तर ते म्हणाले, "माझ्या कुंड्या? नाही बुवा, एकही फुटलेली नाही."

म्हातारपणी माणूस विसरतो आणि तरुण कातडी लवकर भरून येते, अशी आत्यानं मनाची समजूत घातली. हाडांचे फोटो काढण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. जे दिसतं ते मानायचं, ही तिची सवय. पण इथे तर दिसायला हवं तेच दिसत नव्हतं.

संध्याकाळी मुलाखतीची तालीम करायची होती. आत्या चष्मा नाकावर ओढून कमिटी झाली.

"फिजिओथेरपीच का निवडलीत आपण?"

या प्रश्नाला भिंगरीकडे हुकमी उत्तर होतं. प्लास्टर निघाल्यावर तिची मूठ वळेना. तेव्हा दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाई स्पंजचा चेंडू घेऊन रोज तिच्यासमोर बसत. ती रडली की त्याही खोटं खोटं रडत. मूठ वळली त्या दिवशी भिंगरीनं जाहीर केलं होतं, मी यांच्यासारखीच होणार.

आता भिंगरी खिडकीबाहेर बघत राहिली. "चांगला स्कोप आहे म्हणून," ती म्हणाली. मग हळूच तिनं विचारलं, "आत्या, खरंच, मला हे का व्हायचंय?"

आत्यानं भिंगरीचा उजवा हात ओढून घेतला आणि मनगट चाचपलं. हाड जुळलं तिथला बारीकसा उंचवटा तिच्या बोटांना पाठ होता. तो तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्यानं काहीतरी निमित्त काढून तिला दवाखान्यात नेलं आणि मनगटाचा एक्स-रे काढला. पडद्यावर हाड उजळलं. जन्मात कधी न मोडलेलं, स्वच्छ हाड.

घरी येताच ती म्हणाली, "फोन दे. तो प्लास्टरचा फोटो परत आण."

"कुठला प्लास्टरचा?"

"उडवलेले फोटो काही दिवस फोनमध्ये राहतात ना? तिथे बघ."

तो तिथेच होता. भिंगरीनं कपाळाला आठ्या घालून आधी फोटोकडे पाहिलं, मग आत्याकडे. "ही मी आहे? आणि हे असं लिहिलेलं कमिटीला दाखवायचं?"

"ओळ बदल. बाईंबद्दल लिही. पण फोटो राहू दे. माझ्यासाठी."

फोटो परत आला. सेल्फी होता, त्यामुळे प्लास्टरवर मैत्रिणींनी लिहिलेली नावं आरशात दिसावीत तशी उलटी दिसत होती. आत्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. ती भिंगरीकडे बघत होती.

"आई गं," भिंगरी मनगट चोळत म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. "आत्या, त्या बाई कशा गं खोटं खोटं रडायच्या!"

आत्यानं तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड लपवून रडून घेतलं. भिंतीच्या व्हिडिओचं तिनं नावही काढलं नाही. कमिटीला तो आवडला नसता, आणि खूण गेली तर गेली.

मुलाखत छान झाली. मूठ वळल्याची गोष्ट ऐकून म्हणे कमिटीतल्या एका बाईंनी डोळे टिपले. प्रवेश मिळाला. त्या दिवशी भिंगरीनं आत्यासाठी चहा केला आणि किटली डाव्या हातानं उचलली.

"डावरी कधीपासून झालीस?"

"मी डावरीच आहे की," भिंगरी म्हणाली. एक थेंबही सांडला नाही.

कॉलेजला तब्येतीचा दाखला हवा होता. त्यासाठी छातीचा एक्स-रे लागणार होता, आणि तो अर्थातच आत्या काढणार होती.

"श्वास घे. धर. सोड."

पडद्यावर चित्र आलं. हृदय भिंगरीच्या उजव्या अंगाला दिसत होतं. बाजू दाखवणारं अक्षर चुकीच्या अंगाला लागलं असणार, असं आत्याला वाटलं. अक्षर बरोबर होतं.

तिनं दुसऱ्यांदा फोटो काढला.

मग ती आतल्या खोलीत गेली. भिंगरी शर्टाची बटणं लावत होती. "काय झालं गं? चांगला नाही आला?"

"छान आलाय," आत्या म्हणाली.

तिनं पोरीला मिठीत घेतलं, लहानपणी घ्यायची तशी, छाती छातीला लावून. भिंगरीनंही तिला घट्ट धरलं.

दोघींची हृदयं अगदी एकमेकींसमोर धडधडत होती.