शिंपल्यांची ताटली

"ई! स्ताव्री, हलू नकोस! तुझ्या खांद्यावर काहीतरी चिकटलंय!" रादिना किंचाळली.

स्ताव्री नुकताच पाण्यातून बाहेर आला होता. त्याने मान वळवून पाहिलं. खांद्यावर पांढरट, बुळबुळीत गोळा! त्याने बोट लावलं, तर गोळा बोटालाही चिकटला.

"जेलीफिश आहे का?" त्याने घाबरत विचारलं.

ओग्न्यानने जवळ जाऊन वास घेतला आणि उडीच मारली. "जेलीफिश कसला! ही चरबी आहे, तळणीच्या कढईतली. शी!"

रादिना आणि ओग्न्यान ही सख्खी भावंडं, तर स्ताव्री त्यांच्या शेजारचा. वयाने सगळ्यांत लहान, पण पाण्यात उडी मारायला सगळ्यांत पुढे! प्रोदानमामा सकाळच्या बसने तिघांना स्कालित्साच्या किनाऱ्यावर घेऊन आला होता. दिवसभर काळ्या समुद्रात डुंबायचं आणि संध्याकाळी परत जायचं, असा बेत होता. आणि आता समुद्रातून ही घाण!

तिघं जीवरक्षक नेवेनाच्या उंच खुर्चीपाशी धावली.

"ताई, पाण्यात चरबी आहे! घाण वासही येतोय!"

नेवेनाने काळा चष्मासुद्धा काढला नाही. "शेवाळ कुजतंय. उन्हाळ्यात वास येतोच. जा, खेळा!"

"शेवाळाला कांद्याचा वास येतो?" ओग्न्यान पुटपुटला. "चला, आपणच शोधू!"

नाक दाबत ती वासामागे निघाली. धक्क्याखालच्या खडकांपाशी तर श्वास घेववेना. तिथे शेवाळाआड एक जाड पाइप होता. त्यातून राखाडी पाणी भडाभडा ओकल्यासारखं बाहेर येत होतं. कांद्याची सालं, माशांची आतडी, तेलाचा तवंग... आणि दोनशे पावलांवर लहान पोरं गुडघाभर पाण्यात किल्ले बांधत होती!

"मला मळमळतंय," स्ताव्री म्हणाला.

"गप्प! कुणीतरी येतंय!" रादिनाने दोघांना खडकाआड ओढलं.

बादली घेऊन एक जाडजूड माणूस खाली उतरला. नाकाला रुमाल घट्ट बांधलेला. पाइपच्या तोंडाशीच खडकाला काळ्या शिंपल्यांचे घोस लगडले होते. त्याने ते सुरीने खरवडून बादलीत टाकले आणि तो धापा टाकत वर गेला.

"हा तर पान्तेलेयकाका!" ओग्न्यान कुजबुजला. "मामाचा मित्र! 'सोनेरी नांगर' खानावळीचा मालक!"

"आणि मामा आत्ता तिथेच जेवतोय," रादिना म्हणाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पळत जाऊन सांगू!" स्ताव्री उठला.

"थांब," रादिनाने त्याला अडवलं. "काका म्हणतील, पाइप माझा नाहीच. मोठी माणसं त्यांचंच ऐकतील. आधी पुरावा हवा!"

'सोनेरी नांगर'च्या मागच्या अंगणात खरकट्याचे डबे होते. शेजारीच दारूच्या बाटल्यांची बुचं टोपलीभर पडली होती. भांड्यांचं पाणी वाहून नेणाऱ्या गटाराची जाळी तुटलेली. रादिनाने पिशवीतून लाल नेलपॉलिश काढून मूठभर बुचं रंगवली.

"आईला माहीत आहे तुझ्याकडे हे आहे ते?" ओग्न्यानने विचारलं.

"तू सांगितलंस तर कळेल! जा, पाइपपाशी उभा राहा. स्ताव्री, मी शिट्टी वाजवली की बुचं गटारात टाक!"

मग ती नेवेनाकडे गेली. "ताई, थोडा वेळ खडकांपर्यंत चला. आम्ही चुकलो, तर तुमच्या किनाऱ्यावरची सिगारेटची सगळी थोटकं आम्ही उचलू."

नेवेना हसली. दुसऱ्या जीवरक्षकाला खुर्चीवर बसवून ती निघाली. खडकांपाशी पोचताच मात्र तिचं हसू मावळलं. "बाप रे! हे काय आहे?"

रादिनाने शिट्टी वाजवली. सगळे पाइपकडे बघत उभे राहिले. काहीच येईना! आणि एकदम गुळगुळ आवाज करत चरबीच्या लोंढ्याबरोबर एक लाल बूच बाहेर पडलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं! ओग्न्यानने वाळूत खेळायच्या चाळणीत ती पकडली.

चाळणी घेऊन सगळे खानावळीच्या गच्चीवर पोचले, तेव्हा मामा शिंपल्यावर लिंबू पिळत होता.

"मामा, खाऊ नकोस! हे शिंपले गटाराच्या तोंडाशी काढलेत!" ओग्न्यान ओरडला.

सगळी गच्ची वळून बघू लागली. पान्तेलेय लालबुंद झाला. "प्रोदान, तुझी पोरं आवर! ही बुचं कुणाचीही असतील!"

"आमचीच आहेत," रादिनाने रंगवताना लाल झालेली बोटं बुचांशेजारी धरली. "तुमच्या गटारात टाकली आणि खाली पाइपातून निघाली. नेवेनाताईंनी पाहिलंय."

"पोरांनो, कमाल करता!" मामा गोंधळून म्हणाला. "पान्तेलेयचे शिंपले ताजे असतात. इथे आलो की दर वेळी खातो मी."

"मग काका, तुम्हीच एक खाऊन दाखवा ना!" रादिनाने ताटली पुढे सरकवली. "एकच!"

पान्तेलेयने शिंपला उचलला. ओठांपर्यंत नेला. कपाळावर घाम फुटला. मग त्याने तोंड फिरवलं आणि शिंपला टपकन ताटलीत टाकला.

काटे खाली ठेवल्याचे आवाज एकामागून एक ऐकू आले. मामा तोंडावर हात दाबून कठड्याकडे धावला.

नेवेनाने फोन केला. आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनी पाइप पाहिला, बादली पाहिली आणि स्वयंपाकघराला कुलूप ठोकलं.

"वीस वर्षांची मैत्री आमची," पांढराफटक पडलेला मामा म्हणाला. "मी तर डोळे मिटून खात होतो. शाबास रे पोरांनो! तुम्ही होतात म्हणून वाचलो!"

"शाबास तर आहेच," नेवेना म्हणाली. "आणि मघाशी मी तुम्हाला हाकललं, ते माझं चुकलं. पण अजून पाण्यात माणसं आहेत. स्ताव्री, चल, लाल बावटा तू चढव!"

स्ताव्रीने बावटा सरसर वर ओढला. मग नेवेनाची शिट्टी घेऊन गाल फुगेपर्यंत फुंकली.

"बाहेर या! सगळे बाहेर या! पाणी घाण आहे!"

आणि टक्कल पडलेले आजोबा, टोप्या घातलेल्या काकू, पोहणारे दांडगे तरुण, सगळे त्या चिमुरड्याचं ऐकून मुकाट्याने पाण्यातून बाहेर आले.