वळणावरची पाटी

पोलादपूरच्या अलीकडे महामार्ग सोडून डोंगराच्या अंगाला वळलं की विद्यापीठाचं नवं संकुल लागतं. इमारती नऊ, पाट्या बावन्न, आणि त्या बावन्न पाट्यांचा धनी एक, सुहास. हुद्द्यानं कारकून. पण कुठला बाण कुणीकडे वळतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नवी पोरं चुकली की त्याच्याकडे येत. तो उठून दारापर्यंत जाई आणि हात लांब करून वाट दाखवी.

घोटाळा झाला तो एका शब्दाचा. पाट्यांची इंग्रजी यादी कंत्राटदाराकडे गेली आणि तिथे कुणीतरी तिचं मराठी केलं. ग्रंथालयाखाली उतारावर दगडी पायऱ्या आहेत. त्यांच्या वळणावर ‘पायाखाली बघून चाला’ अशा अर्थाची पाटी हवी होती. आली ती ‘वाट पाहा’. सुहासला हसू आलं. बदली पाटी यायला दहा दिवस लागणार होते, म्हणून तोवर हीच लावायला त्यानं सांगितलं. वाट पाहूनच चालायचं असतं, काय चुकलं?

लावायला मात्र तो स्वतः गेला नाही. त्या वळणाकडे तो सहसा जात नसे. ही वाट संकुलाच्या आधीची, वरच्या वाडीतून ओढा ओलांडून खाली एसटीच्या थांब्यावर जाणारी. सुहासची बायको मंजुळा वाडीतल्या अंगणवाडीत पोरांना शिकवायची. सात वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका दुपारी, ती पोरांना घरोघरी सोडून ह्याच वाटेनं खाली उतरली आणि थांब्यावर पोचलीच नाही. सुहास महाडच्या स्थानकात शेवटच्या गाडीपर्यंत बसून होता. ओढा शोधला, पुढे सावित्री नदीचं पात्र शोधलं. काही मिळालं नाही.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, त्याला महाडच्या न्यायालयात शपथेवर सांगायचं होतं, की सात वर्षांत तिची काहीही खबर नाही. मग कायद्यानं ती मृत ठरणार होती. श्रावणापासून तो हे टाळत आला होता. शेवटी मुलगी अनुष्का एकच वाक्य बोलली. “बाबा, आईला अजून पाणीसुद्धा दिलं नाही आपण.” दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज केला.

पाटी लागल्यावर चौथ्या दिवशी साहिल नावाच्या विद्यार्थ्याचं प्रात्यक्षिक बुडालं. वळणावर दोन तास उभा होता म्हणे. प्राध्यापकांनी त्याला सुहासकडे पिटाळलं.

“कुणासाठी थांबला होतास?” सुहासनं विचारलं.

“तेच कळत नाही, सर. खाली ओढ्यात कुणीतरी पाण्यातून चालतंय असं ऐकू येत होतं. म्हटलं, वर येईल.”

मार्गशीर्ष संपत आला होता. ओढा दिवाळीतच आटला होता.

मग एक ग्रंथपालबाई थांबल्या. त्यांना आवाज अलीकडे, बांबूच्या बेटाशी आला. नंतर दोघी मैत्रिणी. त्यांना खालच्या पायऱ्यांवर. कुणी घाबरलं नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की पाहुणा दारात यावा तसं वाटलं आणि निघून जाणं बरं दिसेना. सुहासनं ही ठिकाणं नकाशावर मनातल्या मनात जोडली. रेघ सरळ वर येत होती. रोज पाच-सहा पायऱ्या.

मंगळवारी झाडूवाली बनुबाई वळणावर बसलेली दिसली. पालापाचोळा तसाच पडलेला.

“काय गो बनुबाई, आज सुट्टी?”

“नाय भाऊ. कोन तरी येतंय वर. बाईमानूस हाय. दमलेली हाय.” ती खाली बघतच बोलली. “पाटीवर लिवलंय ना, थांबा म्हनून.”

बनुबाईला वाचता येत नव्हतं.

बुधवारी बदली पाटी आली, ‘जपून चाला’. वळणावर गर्दी होते म्हणून वरून लेखी आदेशही आला. चार वाजता, लख्ख उन्हात, सुहास पाना घेऊन स्वतः गेला.

पहिला बोल्ट सैल केला, तेव्हा आवाज आला. ओल्या चपलांचा, कोरड्या दगडांवर.

वळणाच्या पलीकडच्या सात पायऱ्या तिथून दिसत नाहीत. आवाज तिथे आला होता.

मग थांबून, तोंडानं सोडलेला श्वास.

तो श्वास त्याला ठाऊक होता. चढ लागला की मंजुळा असाच टाकायची.

दोन पावलं पुढे गेलं असतं तर दिसलं असतं. उद्याची शपथ मग घ्यावी लागली नसती. पण सात वर्षांनी ओलीच वर येणारी मंजुळा, ती कोण असेल? आणि अनुष्काला काय सांगायचं?

त्यानं दुसरा बोल्ट काढला.

तिसरा. चौथा.

पाटी हातात आली आणि आवाज थांबला. दूर गेला नाही. जिथे होता तिथेच थांबला.

त्यानं नवी पाटी बसवली आणि मागे न बघता वर आला.

गुरुवारी त्याला विचारण्यात आलं, सात वर्षांत काही खबर? तो म्हणाला, “नाही.” बाहेर आल्यावर अनुष्कानं त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. शनिवारी सावित्रीच्या काठी दोघांनी मंजुळाला पाणी दिलं. परतताना अनुष्का कितीतरी दिवसांनी मनमोकळी रडली. सुहासला वाटलं, केलं ते बरोबर केलं.

सोमवारी पहिल्या वर्षाची अपेक्षा नावाची मुलगी कचेरीच्या दारात आली. वसतिगृहाचा रस्ता विचारायला. त्यानं दाखवला. तरी ती घुटमळली.

“सर, बुधवारी चारच्या सुमाराला मी पायऱ्या चढत होते. वळणाच्या जरा खाली एक बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, वर कुणी वाट पाहतंय का गं?”

सुहासनं पेन खाली ठेवलं. “मग?”

“मी वळणावर येऊन बघितलं. तुम्ही पाठमोरे चालला होतात. मी त्यांना सांगितलं, नाही, कुणी नाही.”

“काय म्हणाल्या?”

“‘म्हणजे मला उशीर झाला,’ म्हणाल्या. आणि माझ्या केसांवरून हात फिरवून खाली गेल्या.” मुलीनं नकळत डोक्यावरून हात फिरवला, मग तो ओढणीला पुसला. “सर, केस वाळतच नाहीयेत तेव्हापासून.”